अहोजाहो

आमच्या ओपीडीतल्या खुर्च्या गुडघ्याएवढ्या आहेत. भिंतीवर मासे, ढग आणि एक जिराफ. त्याची मान छताला टेकल्यावर रंगाऱ्यानं ती सरळ आडवी वळवून टाकलीय. जन्मापासून हृदयात दोष असलेली मुलं इथं येतात आणि मी त्यांची सर्जन. अर्धं आयुष्य यात गेलं. सुरुवातीला आमची धडपड एकच होती, पोर जगलं पाहिजे. जगलं तर ते मोठं होईल, त्याला दाढीमिशा फुटतील, नोकरीला लागेल आणि तेच हृदय घेऊन पुन्हा आमच्याच दारात उभं राहील, याचा विचार करायला सवड होती कुणाला? आता ती उभी राहतात. जिराफाखाली गुडघे हनुवटीला लावून बसतात. निदान खुर्च्या तरी मोठ्या आणा, म्हणून मी ऑफिसच्या कानीकपाळी ओरडून थकले.

त्यातलाच हा एक. लिफ्ट दुरुस्त करतो. त्याची आई त्याला बाळ म्हणते, म्हणून मीही बाळच म्हणत आले. जन्मला तेव्हा ओठ आणि नखं निळी होती. तान्हा असताना बरगड्यांमधून एक ऑपरेशन झालं, तेव्हा मी नवशिकी, नुसती हाताखाली उभी होते. शाळेत जायच्या आधी दुसरं झालं, छाती उघडून. ते मी केलं. त्याची आई शिवणकाम करते. टाके काढले त्या दिवशी व्रण निरखून म्हणाली, "शिवण सरळ आहे हो, पण खालच्या टोकाला जरा ओढ बसलीय." पोराचा जीव वाचवणाऱ्या बाईला तोंडावर असं कुणी म्हणत नाही. तेव्हापासून आमचं जमलं.

गेल्या वर्षापासून त्याला जिना चढताना धाप लागायला लागली. "लिफ्ट बंद पडली की मलाच जिन्यानं वर जावं लागतं ना," तो म्हणाला. "आमच्या धंद्यातली हीच तर मेख आहे." तपासण्या केल्या. फुप्फुसांकडे जाणारी जी वाट मी तेव्हा मोकळी केली होती, तिथली झडप आता नावालाच उरली होती. पुढे ढकललेलं रक्त मागे येत होतं आणि ते पुन्हापुन्हा ढकलून उजवा कप्पा सैल पडत चालला होता. नवी झडप बसवायला हवी होती. पुन्हा तीच छाती उघडायची, आणि या वेळी जुन्या ऑपरेशनच्या व्रणांमुळे हृदय छातीच्या हाडाला आतून चिकटून बसलेलं.

तो शेवटच्या तपासणीला गेला होता तेवढ्यात त्याची आई माझ्या खोलीत आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"डॉक्टर, त्याला सांगा, होण्यासारखं नाही."

"काय होण्यासारखं नाही?"

"ऑपरेशन. तुमचा शब्द तो मोडत नाही. म्हणावं, आता वय झालं, आता नाही होत."

"अहो, चांगला घोडा झालाय तो. वय माझं झालंय."

ती हसली नाही. "दोनदा या हातांनी उचलून दिलाय तुमच्याकडे. दोन्ही वेळा सही माझी. त्याचे बाबा तर बाहेरच्या पायरीवरून उठलेच नाहीत. सही केली आणि वाटलं, आता पोराला काही झालं तर ते मीच केलं. तिसऱ्यांदा नाही होणार माझ्याच्यानं. धाप लागते तर लागू दे. घरी बसू दे. मी शिवते ना, भागेल आमचं."

खरं तर मी चिडायला हवं होतं. चिडायला मला वेळ लागत नाही, खात्यातल्या कुणालाही विचारा. आणि ऑपरेशन नाही केलं तर काय होणार, ते मला स्वच्छ दिसत होतं. काही वर्षं तो असाच ओढेल, मग ठोके चुकायला लागतील, आणि शेवटी झडप बसवूनही उपयोग नाही इतका तो कप्पा ढिला पडेल. पण राग आला नाही. दया आली आणि तिच्या मागोमाग मोह. 'थोडं थांबू' एवढंच तर म्हणायचं होतं. डॉक्टर 'थांबू' म्हणाला की त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही.

तेवढ्यात तो आला आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसला. मी सवयीनं आईकडे तोंड करून सुरुवात केली, "तर याचं असं आहे..."

"डॉक्टर, मी इथंच आहे."

"दिसतोयस की. तुझंच तर बोलतेय."

"माझं बोलताय, पण आईशी." तो जरा घुटमळला. "राग मानू नका. आजच्यापुरतं मला अहोजाहो कराल?"

आता काय बोलावं! ज्याला लंगोटात पाहिलं, ज्याचं हृदय हातात धरलं, त्याला अहोजाहो? जीभ वळेना. तरी वळवली. "बरं. तर तुमच्या..." म्हणाले आणि तिथंच अडले. आयुष्यभर हे मी आईबापांना सांगत आले. शंभरात दोन-तीन वाचत नाहीत, असं मी म्हणायची तेव्हा ज्याच्याविषयी म्हणायची ते पोर जिराफाकडे बघत असायचं. 'तू' म्हटलं की मध्ये कुणीतरी मोठं माणूस असतं, ते ऐकून घेतं. 'तुम्ही' म्हटलं आणि मध्ये कुणी उरलं नाही. मला भीती वाटली, अगदी साधी भीती.

"तुम्ही यातून उठणार नाही, असं होऊ शकतं," मी म्हणाले. "शंभरात दोघातिघांचं होतं. हाड उघडतानाच धोका आहे. आणि नाही केलं, तर काही वर्षं बरी जातील, पुढची नाही जाणार. मला विचाराल तर करून घ्या. पण मी म्हणते म्हणून करू नका."

'थांबू' म्हणायचं राहूनच गेलं.

तो बोटं एकमेकांत अडकवून बसला होता. नखांच्या कडांना ग्रीस होतं.

"करायचं," तो म्हणाला. "आणि सही मी करणार."

"मी आहे ना," आई म्हणाली. मघाशी 'नाही होणार' म्हणणारी तीच.

"तू आहेस म्हणूनच. दोनदा केलीस, पुरे झालं. माझं काही बरंवाईट झालं तर ते तुझ्या हातून झालं असं नको."

मघाचं आमचं बोलणं त्यानं ऐकलेलं नव्हतं. पण जन्मभर एका घरात राहिल्यावर ऐकावं लागत नाही.

ती त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "मग मी काय करू?"

तिनं टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं.

ऑपरेशन नीट झालं, हे आधीच सांगून टाकते. कुणाला उगाच टांगून ठेवायची मला सवय नाही. हृदय हाडापासून सोडवताना माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण सुटलं. झडप बसली, कामालाही लागली. मला सांगायचंय ते त्याआधीचं, त्या सकाळचं.

ट्रॉली थिएटरच्या दाराशी आली तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टर, लहान मुलांच्या आयांना आत येऊ देता ना? झोप लागेपर्यंत?"

"देतो."

"मग माझ्या आईला येऊ द्या." आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मला भीती वाटतेय."

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या माणसांचं असं आम्ही कधी केलं नव्हतं. "त्यांची आई आहे," मी म्हणाले. "येऊ द्या."

ती आली. निळा झगा, डोक्यावर टोपी, कपाळावर घाम. टेबलाच्या कडेला उभी राहिली आणि काय करायचं ते तिला सांगावं लागलं नाही. हात हातात घेतला. त्यानं डोळे मिटले.

सगळी तयारी झाली. मॉनिटरवर ठोके जलद पडत होते. सिस्टर हळूच म्हणाली, "मावशी, हात सोडा आता. औषध द्यायचंय."

"मी केव्हाच सोडलाय," ती म्हणाली. "त्यानं धरलाय."