न वळलेला कोपरा

झुल्बिये मावशीनं कातरी लावल्याशिवाय आमच्या गावात गालिचा मागावरून उतरत नाही. दुसऱ्या कुणी उतरवलाच तर तो खुशाल घरात अंथरावा, मशिदीत त्याला जागा नाही. माझी जाऊ हुरू हिनं नवरा गेल्यावर त्याच्या नावानं मशिदीसाठी गालिचा विणला. मंजिष्ठेचा लाल, मधे पिवळे अष्टकोन, कडेनं आकड्यांची वेल. इतका देखणा, की मला सरळ हेवा वाटला. मावशी आली, तिनं शेवटचा कोपरा बघितला आणि कातरी परत कमरेला खोचली.

"वेल वळली कुठं? भिंतीवर डोकं आपटल्यासारखी थांबलीय. उसव!"

मावशी गेल्यावर हुरू मला म्हणाली, "त्यांची आठवण काढत विणत होते, जाऊबाई. तिथं हातच थांबला. नाही उसवणार मी."

"मग ठेव तसाच मागावर, कोंबड्या बसतील," मी चिडून म्हटलं. काळजीच वाटत होती मला.

मावशीचं तरी काय चुकलं? मशिदीतला जुना मोठा गालिचा आम्हा सगळ्यांचा गुरू. आम्ही बायका वरच्या सज्ज्यात नमाजाला बसतो, तिथून बघून बघूनच नक्षी शिकलो. त्याचे तीन कोपरे दिसतात, तिन्हींत वेल अशी वळते की बघत राहावं. चौथा कोपरा मिंबराखाली, म्हणजे इमाम ज्यावरून प्रवचन देतात त्या लाकडी चौथऱ्याखाली. तो आमच्यापैकी कुणीच कधी पाहिला नव्हता.

रमजानच्या आधी आम्ही गालिचे ओढ्यावर धुतो. यंदा मिंबराला वाळवी लागली म्हणून सुतारांनी तो हलवला आणि मोठा गालिचा अख्खा बाहेर आला. ओढ्यात उलगडला, तेव्हा मी "अगं बाई!" म्हणून ओरडलेच. त्या कोपऱ्याला ना पाय लागलेले, ना ऊन. नुकतं फोडलेलं डाळिंब जणू. कोण होती हा विणणारी बाई? असा लाल तिनं कुठून काढला?

मग दिसलं. वेल कोपऱ्याशी येऊन थांबली होती. वळलेली नव्हती.

"वळवता येत नसेल बाईला," मी बोलून गेले.

"बाकीचे तीन मग काय तू वळवलेस?" मावशी खेकसली. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती त्या कोपऱ्यावरून हात फिरवत राहिली. मग कुणाशी न बोलता ओल्या पायांनी तडक हुरूच्या घरी निघाली. आम्ही मागोमाग.

मागासमोर बसून तिनं कातरी काढली. हुरूनं तिचा कातरीचा हात धरला, दोघींनी मिळून ताणा कापला. गालिचा मांडीवर उतरला, तशी मावशीला रडू फुटलं.

"नवऱ्याच्या नावानं विणला मी, लेकीच्याही नावानं विणला," ती म्हणाली. "बायका काय म्हणतील म्हणून एकदाही हात थांबू दिला नाही गं."