सांता कतरिनाच्या मागचा तडा

माल्टातल्या त्या गावात प्रत्येक घराण्याला एकेक टोपणनाव होतं, आणि चेन्साच्या घराण्याचं होतं 'लख्ख'. आता असलं नाव एकदा चिकटलं की माणसाचा जीव घेतं हो! सत्तरी उलटली तरी चेन्सा रोज सकाळी उंबरा साबणाने घासायची, आणि ओल्या उंबऱ्यावर कोणी पाय ठेवला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

शेजारचं घर पाडून सालवू कंत्राटदार तिथे सहामजली इमारत उठवणार होता. नियम असा, की खोदाईआधी आर्किटेक्टने शेजारच्या घरातला तडा न् तडा टिपायचा, फोटो काढायचे, मालकिणीची सही घ्यायची. पुढे जो नवा तडा जाईल तो सालवूच्या विम्याच्या माथी. नियम चांगलाच होता. पण तो करणाऱ्यांना चेन्सा माहीत नव्हती.

तिच्या झोपायच्या खोलीत, पलंगाच्या वर, एक तडा होता. चांगला चाळीस वर्षांचा! गावची संतीण सांता कतरिना, तिच्या उत्सवात दारूकामाचे बार उडाले की घर हादरायचं आणि तडा बोटभर वर सरकायचा. आता तो सरकारी कागदावर चढणार आणि समोरची डोलोरा तो कागद गावभर नाचवणार? छे! आर्किटेक्ट लोर्ना यायच्या आदल्या दिवशी चेन्साने सांता कतरिनाची भलीमोठी तसबीर बरोबर तड्यावर टांगली.

लोर्नाने तसबिरीपुढे क्रुसाची खूण केली, बदामाची चार बिस्किटं खाल्ली आणि लिहिलं, 'एकही तडा नाही.' चेन्साने ऐटीत सही ठोकली.

दोन महिन्यांनी सालवूचं यंत्र खडकाला भिडलं. तिसऱ्या दिवशी सांता कतरिनाच्या डोक्यावरून तडा बाहेर डोकावला, आठवड्यात छताला टेकला, आणि वरून एक कपचा थेट उशीवर पडला. चेन्सा तेव्हा स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली. लोर्ना म्हणाली, छत बांधून घेतल्याशिवाय इथे राहता येणार नाही. विम्याने खर्च उचलला तर ठीक, नाहीतर घराला कुलूप आणि चेन्सा नन्सच्या वृद्धाश्रमात. तिथे उंबरा दुसरंच कोणी घासतं हे कळल्यावर तिला रडूच फुटलं.

विम्याचे शिबेरास साहेब आले. मागोमाग सालवू आणि लोर्ना. डोलोरा बोलावल्याशिवायच दारात.

"तडा कधीचा, बाई?"

"नवा कोरा! कागद वाचा. एकही तडा नाही. खाली माझी सही."

"अगं मावशी," सालवू म्हणाला, "माझा तडा नेमका संतिणीच्या मागून कसा निघाला? लपाछपी खेळत होता का?"

"तू गप रे मेल्या!"

शिबेरासने तसबीर उतरवली. मागे धुळीने काळा पडलेला तडा, आणि त्यावर जाळं पसरून बसलेला कोळी.

"हासुद्धा नवा कोरा का?" शिबेरास म्हणाला. "तडा जुना, वर गेलाय तो त्याचाच शेंडा. तुम्ही लपवलात. दावा संपला." त्याने बॅग उचलली.

चेन्सा भिंतीकडे बघत राहिली. तड्याच्या कडेने पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, प्रत्येकीशेजारी तारीख. वीजी, तिचा नवरा, उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी पलंगावर चढून तड्याच्या टोकाशी रेघ मारायचा. भिंत घाण करतोस म्हणून तिने त्याला जन्मभर बोल लावले. नऊ वर्षांपूर्वी वीजी गेला. पुढच्या उत्सवानंतर ती स्वतःच पेन्सिल घेऊन पलंगावर चढली. तेव्हापासून दर वर्षी चढायची. हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

दारात डोलोरा मान लांब करून उभी होती. नाव राखायचं की घर?

"थांबा!" चेन्सा ओरडली. "खोटं बोलले मी. तसबीर मीच लावली. तडा जुना आहे, पण या शेवटच्या रेघेपर्यंतच. पुढचा या सालवूचा!"

शिबेरासने चष्मा चढवला. शेवटची तारीख यंदाच्या उत्सवानंतरची, लोर्ना येऊन गेली त्याच्या तीन दिवस आधीची होती. "ही रेघ आज सकाळी मारली नाही कशावरून?"

"साहेब," लोर्ना हळूच म्हणाली, "रेघ जाळ्याच्या खाली आहे. आणि जाळ्यावर बघा किती धूळ."

शिबेरासने फुंकर मारून बघितली. धूळ त्याच्याच तोंडावर आली. खोकत खोकत त्याने लिहिलं, 'रेघेच्या वरचं, छतासकट, कंपनीचं. खालचं मालकिणीचं.'

"अगं बाई, लख्खांच्या घरी कोळी!" डोलोरा किंचाळली.

"असू दे. तुझ्या जावयापेक्षा कामाचा आहे."

महिन्याभरात नवीन छत झालं. गवंडी भिंत लिंपत लिंपत खाली आला आणि शेवटच्या रेघेशी थबकला.

"मावशी, एवढ्यासाठी कशाला थांबू? खालचाही बुजवून टाकतो, फुकट."

"हात लावशील तर बघ! रेघेच्या खालचं आमचं आहे."

गवंड्याने लिंपलेला भाग असा काही ओबडधोबड झाला की चेन्साला बघवेना. तिने सांता कतरिनाला वर सरकवून त्यावर टांगलं. जुना तडा मात्र उघडाच ठेवला. रोज सकाळी उंबरा घासून झाला की ती त्यावरची धूळ पुसते, जाळं तेवढं सोडून.