व्हिओलावाल्या बाईंची सवय

ऑर्केस्ट्रात वाजवणारी माणसं शाळेच्या वर्गात शिकवायला सोडली की काय होतं, ते मला विचारा. ट्रंपेटवाल्याने पहिल्याच तासाला असा सूर लावला की पुढची पोरं कानात बोटं घालून बसली. बासरीवाले गृहस्थ श्वासावर बोलायला लागले ते पोरं पेंगायला लागली तरी थांबेनात. हुशारीत कुणी कमी नव्हतं. पण स्वतःला येणं वेगळं आणि समोरच्याकडून करून घेणं वेगळं, हे त्यांच्या गळी उतरवायचं काम माझ्याकडे आलं होतं. जन्मभर शाळेत संगीत शिकवून मी निवृत्त झाले होते, जिभेची धार मात्र शाबूत होती, आणि ऑर्केस्ट्राच्या मॅनेजरला नेमकी तीच हवी होती.

बाकीच्यांना हळूहळू वळण लागलं. व्हिओलावाल्या बाईंपुढे मात्र मी हात टेकले.

व्हिओला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगाने मोठी, आवाजाने जाड, आणि घरातल्या थोरलीसारखीच सगळं सांभाळूनही कुणाच्या लक्षात न येणारी. या बाई तरुणपणापासून ती वाजवत आल्या होत्या, कायम मागच्या रांगेत. आता त्यांचा खांदा गेला होता. तासन्‌तास वाजवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळे कार्यक्रमांचा हंगाम संपला की खुर्ची सोडणं भाग होतं. शिकवायचं काम मिळालं तर त्या ऑर्केस्ट्रात राहणार, नाहीतर व्हिओला पेटीत घालून कायमच्या घरी बसणार. आणि ते माझ्या एका शब्दावर होतं. असला शब्द आपल्या तोंडून जावा असं कुणाला वाटेल? पण मुलांच्या बाबतीत मी भीडभाड ठेवत नाही.

त्यांचा दोष उघड होता. मुलाचा सूर चुकला की या त्याच्या चुकीत जाऊन मिळायच्या. पोराचं बोट तारेवर जरा अलीकडे पडलं की यांचंही बोट तिकडे घसरायचं. मग दोघं मिळून बेसूर वाजवायचे, तेही अगदी गुण्यागोविंदाने.

"अहो, तुम्ही त्याच्याकडे कशाला जाता? त्याला येऊ दे ना तुमच्याकडे!" मी म्हणायची.

"कळतं हो बाई. पण बोट ऐकत नाही. सवय झालीय."

"मग मोडा ती सवय. बरोबर सूर कुठला, हे पोरांना कळणार कसं?"

त्या मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझा अगदी जीव मेटाकुटीला यायचा.

शेवटी ठरलं की त्यांचा एक तास मी मागे बसून ऐकायचा आणि तो संपला की मॅनेजरला हो किंवा नाही सांगून टाकायचं. शाळेचा तळमजल्यावरचा हॉल. टेबलं भिंतीला लावून रचलेली, मध्ये खुर्च्यांचं अर्धवर्तुळ, खाली फरशीवर गजाला लावायच्या राळेची पांढरी पूड. अर्धवर्तुळाच्या टोकाला पिटुकली बसली होती. हे नाव मुलांनीच ठेवलेलं, कारण सगळ्यात लहान व्हायोलिनही तिच्या हातात दांडगं दिसायचं. पिटुकलीचं तिसरं बोट कधी जागेवर पडायचंच नाही. माझं समजावून झालं होतं, तारेखाली रंगीत पट्टी चिकटवून झाली होती. आता ती गज तारेला न टेकवताच नुसता हात हलवायची, म्हणजे चूक ऐकूच जायला नको. मला क्लास नको, असं घरी आईला सांगूनही टाकलं होतं तिने.

बाईंनी आपली खुर्ची उचलली आणि तिच्या शेजारी मांडली. समोर नाही, शेजारी. दोघींची तोंडं एकाच दिशेला.

"वाजव," त्या म्हणाल्या. "मी आहे."

पिटुकलीने भीतभीत गज टेकवला. सूर खालीच लागला, नेहमीसारखा. मी बाईंच्या बोटाकडे डोळे लावून बसले होते. घसरलं. सरळ त्या चुकीच्या सुरात जाऊन बसलं. संपलं, मी मनात म्हणाले. गेलं हे काम यांच्या हातून.

पोरीने चमकून वर पाहिलं. आपला आवाज दुसऱ्या कुणाच्या आवाजाशी जुळलाय, हे तिने पहिल्यांदाच ऐकलं असावं. तिचे आवळलेले खांदे खाली आले. गज तारेवर नीट टेकला. आवाज भरला.

आणि मग तो सूर चढायला लागला.

चाळीस पोरांच्या गलक्यातून बेसूर पोर नेमकं हुडकणारे माझे कान आहेत. पण आधी कोण हललं, ते मला सांगता येणार नाही. पोराचं बोट धरून रस्ता ओलांडावा तसे ते दोन आवाज एकमेकांना धरून वर निघाले होते. कुठे धक्का नाही, ओढाओढ नाही. तिसरं बोट बरोबर जागी पडलं की शेजारची मोकळी तार न वाजवताही घुमते. पिटुकलीचं व्हायोलिन घुमलं. तिच्या मैत्रिणींच्या मांडीवरची व्हायोलिनंही बारीक आवाजात घुमली. मुलं आपापल्या वाद्यांकडे बघायला लागली. बाईंनी गज अलगद उचलला, आणि पोरगी एकटीच वाजवत राहिली, त्याच सुरात, डोळे मोठ्ठे करून.

तास संपला, मुलं बाहेर पळाली. बाई पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आल्या.

"माफ करा हो. आजही घसरलेच मी."

या बाईला आपण काय केलं याचा पत्ताच नव्हता!

"हे कुठे शिकलात तुम्ही?"

"शिकले कुठे? ऑर्केस्ट्रात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा व्हिओला वाजवायचे, त्यांना पुढे पुढे ऐकू कमी यायला लागलं. सूर खाली जायचा. मी आपली नीट वाजवत राहिले असते तर त्यांचं लगेच उघडं पडलं असतं. मग मी त्यांच्या सुरापर्यंत जायची आणि त्यांना वर घेऊन यायची. ते निवृत्त होईपर्यंत हेच."

त्या आजोबांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेले होते. या वयातही काय वाजवतात, म्हणून उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या मी.

"कुणालाच कळलं नाही?"

"नाही."

"त्यांना?"

"छे! ते म्हणायचे, तुझ्या शेजारी बसलं की माझा हात चांगला चालतो." त्या हसल्या. "मग? काय सांगणार मॅनेजरना?"

"आधी माझ्यावर करून दाखवा."

वर्गातलं एक व्हायोलिन उचलून मी खुर्चीत बसले. मला ते जेमतेमच येतं, पण एक सूर धरून ठेवायला काय लागतं? तिसरं बोट मुद्दाम खाली ठेवलं आणि दाबून धरलं. मी हट्टी बाई आहे, आमच्या ह्यांना विचारा. काही झालं तरी जागचं हलायचं नाही, असं ठरवूनच गज ओढला. बाई शेजारी बसल्या. त्यांचा सूर आला आणि माझ्या सुराला लागून बसला. एकदम बरं वाटलं मला. आपण चुकलोय आणि तरी कुणी रागावलेलं नाही, असं वाटलं. मी डोळे मिटून घेतले. बोट हलवलं नाही, शपथेवर सांगते.

मोकळी तार घुमली.

डोळे उघडून पाहिलं तर माझं बोट बरोबर जागेवर होतं. दारात मॅनेजर उभे होते.

"काय बाई, हो की नाही?"

माझे डोळे भरून आले होते. मी जोरजोरात मान हलवून हो म्हटलं आणि वाजवत राहिले. मग बाईंकडे पाहिलं. त्यांचा गज मांडीवर होता. कधी उचलला होता कोण जाणे.