पास्टर गायला लागतात ती तीन पानं

कवितेच्या वर्गात सर म्हणाले होते, "ऑर्लीन, तुझ्या कवितेत माणसं फार बोलतात. तू कथेकडे जा." म्हणून मी गेले. आता कथेच्या वर्गात हेडविग मॅडम माझ्या गोष्टीची शेवटची तीन पानं हातात धरून म्हणत होत्या, "ही कविता झाली. साध्या गद्यात लिही, नाहीतर पुढच्या सत्रात इथे जागा नाही."

ज्याच्या गोष्टीवर चर्चा चालू आहे त्याने तोंड उघडायचं नाही, हा वर्गाचा नियम.

गोष्ट आमच्या मिसिसिपीतल्या चर्चची. स्वतःच्या मुलाला पुरून आल्यावरच्या रविवारी पास्टर उपदेशाला उभे राहतात. बोलता बोलता शब्द अडतो आणि ते गायला लागतात. तिथून माझ्या ओळी तुटत जातात.

"हा म्हातारा मध्येच गातो काय?" वर्गातला ब्रँट म्हणाला. "नाटकी वाटतं."

"मला वाटलं, प्रिंटर बिघडला," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"गाण्यापेक्षा रडला असता तर पटलं असतं," ब्रँट पुढे म्हणाला.

मला राहवलं नाही. "रडला असता तर उपदेश तिथेच बंद पडला असता."

"ऑर्लीन, नियम," मॅडम म्हणाल्या.

"ठाऊक आहे मला. पण ज्याने मुलगा नेला त्याच देवाचं नाव त्याला घ्यायचंय, मॅडम. ते बोलून होत नाही हो. आमच्याकडे बोलणं पुरेनासं झालं की पास्टर उपदेश गातातच, मी लहानपणापासून दर रविवारी ऐकत आलेय. गद्यात लिहूनही पाहिलं, पेपरातली बातमी वाटली."

मी त्यांच्या हातातून पानं घेतली आणि चर्चमध्ये म्हणतात तशी गाऊन वाचली. ब्रँट टेबलाकडे बघत राहिला. शेजारची तेओदोरा हळूच म्हणाली, "वाच गं, थांबू नकोस."

वाचून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "छान आहे. पण मी हिला कथा म्हणणार नाही."

"नका म्हणू. मी ओळी जोडणार नाही."

पुढच्या सत्राच्या यादीत माझं नाव नव्हतं. पहिल्या दिवशी मी नवी पानं घेऊन दारात उभी राहिले.

"खुर्ची नाहीये, ऑर्लीन," मॅडम म्हणाल्या.

"नसू दे. उपदेश काय कुणी बसून करतं?" म्हटलं, आणि पहिल्या ओळीला सूर लावला.