चाळीस पानांवरचा ओळंबा

धाकट्याचे लग्न झाले, त्याच वर्षी माझा जन्म. लग्नाच्या गर्दीत एक पितळी पातेले चेपले. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, ते ओताऱ्याकडे नेले आणि त्यातून मला घडवून घेतले. "बायको आली, आता तरी सरळ चाल," असे म्हणून त्याने मला धाकट्याच्या हातावर ठेवले. तर मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. दोरीला टांगलेला, भोवऱ्याएवढा पितळी गोळा. भिंत सरळ उठते आहे की कलते आहे, हे गवंडी माझ्याकडे बघून ठरवतो.

दोघे भाऊ गवंडीच. कामाची वर्षे चांगली गेली. मुकादम नव्या माणसांना सांगे, "यांच्या भिंतीला डोळा लावून बघा, केसाचा फरक सापडायचा नाही." ते ऐकून मी दोरीवर जरा जास्तच ताठ होत असे.

मग एका दुपारी परांचीची फळी मोडली आणि दादा खाली आला. जीव वाचला, पाय गेले. धाकट्याने उंचावरची कामे सोडली. मी खिळ्यांच्या खोक्यात, दादाच्या खाटेखाली पडून राहिलो. अंगावर हिरवे डाग चढले. माझी कुणाला आठवण झाली नाही, आणि मीही कुणाला दोष दिला नाही.

चाळिशीनंतर धाकट्याला बायकोने अक्षरे शिकवली. थापी धरणाऱ्या हाताने कितीतरी पेन्सिली मोडल्या. पण एकदा लिहिता झाला, तो थांबेना. दादाची गोष्ट लिहायला घेतली. खिडकीतून वारा येई, पाने उडत. तेव्हा मला खोक्यातून काढले, राखेने घासले आणि कागदांवर ठेवले. मित्रांनो, आडवे पडून काम करायचे मला तोवर ठाऊक नव्हते.

पुस्तक पुरे झाले. छापखान्यातल्या माणसाने सांगितले, प्रकाशक परस्पर घेत नाहीत, आधी एजंट गाठा.

दादा खाटेवरून म्हणाला, "लग्नाला मध्यस्थ, घराला दलाल. आता पुस्तकालाही का रे?"

"लागतो म्हणतात."

"मग शोध. पण लवकर. मला ते हातात धरायचंय."

डॉक्टरांनी दादाचे हृदय थकल्याचे सांगितले होते. म्हणून ही घाई.

एजंट लोक पुस्तकाची पहिली पाने तेवढी मागवतात. धाकट्याच्या पहिल्या चाळीस पानांत दादाचे तरुणपण होते. विटा डोक्यावर घेऊन तो शिडी धावत चढतो, भावाच्या लग्नात चपला तुटेपर्यंत नाचतो.

बायको म्हणाली, "अहो, पाहुण्याला आधी ओटा दाखवतात. तुम्ही पाया उकरून दाखवताय."

"भिंत पायापासूनच उठते. तुला बांधकामातलं काय कळतंय?"

"पाहुण्यातलं कळतं ना!"

त्याने ऐकले नाही. पाने जात राहिली. कधी उत्तर येई, 'सुरुवात संथ आहे'. कधी येई, 'आम्ही अशी पुस्तके घेत नाही'. बहुतेक वेळा काहीच येत नसे. पोस्टमन दारावरून पुढे गेला की दादा विचारी, "आला का रे सांगावा?" आणि मग स्वतःच म्हणे, "येईल. चुना मुरायला वेळ लागतो." वर्षे अशीच गेली. पाने वाट बघत पिवळी पडली, मीही त्यांच्यावर काळवंडलो.

शेवटी एका एजंटबाईंनी सगळे पुस्तक मागवून घेतले आणि वाचून धाकट्याला भेटीला बोलावले. त्याने मला खिशात घातले. त्यांच्या खोलीत खिडकीच्या गजांपर्यंत कागदांचे ढीग होते. बाई कपाळावर चढवलेला चष्मा टेबलावर शोधत होत्या. पंखा लावताच पाने उडू लागली, तशी धाकट्याने मला त्यांच्यावर ठेवले.

"खरं सांगू का काका?" बाई म्हणाल्या. "एक्केचाळिसाव्या पानावर फळी मोडते, तिथं मी जागी झाले. आधीची पानं काढा, मी हे पुस्तक घेऊन फिरते."

"त्या पानांत माझा भाऊ उभा आहे, बाई."

बाईंनी पानांच्या कडा जुळवल्या. "कळतंय मला. पण वाचणारा तिथपर्यंत टिकत नाही."

घरी आल्यावर तो जेवला नाही.

"तोंड का पाडलंस?" दादाने विचारले. सगळे ऐकून तो खोकला येईपर्यंत हसला. "हे तर तुझ्या बायकोनं फुकटात सांगितलं होतं!" मग श्वास जमवून म्हणाला, "काढ ती पानं. पाया कुणी उघडा ठेवतं का? तो पुरायचाच असतो. भार तोच घेतो."

धाकट्याने पाने काढली. बाईंचा होकार आला, पण प्रकाशक मिळायला आणखी वर्ष-दोन वर्षे लागतील, असेही त्यांनी कळवले.

"म्हणजे मध्यस्थ मिळाला," दादा म्हणाला, "मुलगी अजून बघायचीच आहे!"

पुढे रोज दुपारी तो काढलेल्या पानांतले एक वाचून घेई. शिडीचे पान त्याने पुन्हा पुन्हा मागितले.

ती चाळीस पाने अजून माझ्याखाली आहेत. मी दमलो आहे, पण वारा आहे तोवर उठता येत नाही. मित्रांनो, छापलेले पुस्तक तुम्ही जपालच. पण कुणाच्या घरी अशी काढून ठेवलेली पाने दिसली, तर ती रद्दीत घालू नका. त्यांत कुणीतरी अजून चालत असतो.

पुस्तक अजून आलेले नाही. धाकट्याच्या मुलीचे लग्न झाले, त्याच वर्षी डिसेंबरात, एका मंगळवारी दुपारी दादा वारला.