सहीफोटो कुठे गेला?

मित्रांनो, मी एक जुनी फोटो छापणारी मशीन आहे. शाळा मी पाहिली नाही, पण चेहरे हजारोंनी पाहिलेत. गोड बोलून कोण काय लपवतंय, ते मला झाकणाखालूनही कळतं.

नवी होते तेव्हा माझ्यावर मऊ कापड असायचं. आता दुकानातल्या दोन जावा माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात. थोरली कॉम्प्युटरवर रंग लावते, धाकटी मला चालवते. दोघींचा एकमेकींवर काडीचा विश्वास नाही. माझा तर दोघींवर नाही.

मोठा फोटो काढण्याआधी माझ्याकडून तीन कागद घ्यायचे असतात. शाई नीट येते का, हे दाखवणारी रेघांची पट्टी. रंग बघायला नुसत्या चेहऱ्याचा तुकडा. आणि गिऱ्हाइकाने सही करायचा छोटा फोटो. या दुकानात तिघांनाही एकच नाव, ट्रायल! तीन लेकरांना एकाच नावाने हाक मारली तर ओ कोण देणार?

एकदा एक आजी गेलेल्या नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. त्यांच्याकडे तेवढा एकच होता. थोरलीने आतून विचारलं, "ट्रायल झाली का गं?"

धाकटीने माझ्या स्वच्छ रेघा पाहिल्या. "झाली!"

लगेच मोठा फोटो काढायचा हुकूम सुटला.

आजींनी चष्मा पुसून पाहिलं. "माझा माणूस सावळा होता. हा गोरापान कोण?"

"ताई, रंग तुम्हीच उजळलात!" धाकटी थोरलीवर उखडली.

"आणि 'झाली' कोण म्हणालं? मला तोंडघशी पाडायला टपलेलीच असतेस."

"मग उद्यापासून आम्ही वेगळे. तुमचं तुम्ही बघा!"

मला धडकी भरली. दुकान फुटलं की माझी वाटणी होत नाही, मित्रांनो. मी सरळ भंगारात.

"भांडण घरी न्या," आजी कडाडल्या. "मी सही करायची होती, तो कागद दाखवा."

दोघींनी डबा उपसला. कागद सापडेल कसा? माझ्याकडे तो कुणी मागितलाच नव्हता.

धाकटी खाली बघत म्हणाली, "ताई, तुम्ही सहीच्या फोटोचं विचारलंत, मी रेघांचं सांगितलं. तिन्ही कागदांना वेगवेगळी नावं ठेवू या."

"आजवर मला ठेवलीस, आता कागदांना ठेव," थोरली फणकारली. पण पुठ्ठा तिनेच कापला. त्यावर लिहिलं: रेघपट्टी, चेहरातुकडा, सहीफोटो.

मग थोरलीने रंग पुन्हा सावळा केला आणि मी आधी सहीफोटो छापला. आजींनी सावळ्या गालावरून बोट फिरवलं. "हे आमचे," म्हणाल्या आणि सही केली.

पुठ्ठा आता माझ्या झाकणावर आहे. त्याचा एक कोपरा सुटायला लागलाय, म्हणून मी अजून डोळा ठेवून असते. परवा धाकटी "झाली" म्हणाली, तशी थोरलीने मान वर केली.

"काय झालं? नाव घेऊन सांग."

मित्रांनो, जुन्या मशीनवर कप ठेवू नका. तिला आठवड्यातून एकदा तरी चालवा, नाहीतर शाई वाळते. आणि कुणी "झालं" म्हणालं, तर काय झालं ते विचारल्याशिवाय माझं बटण दाबू नका.