इंजिन दुसऱ्या टोकाला

शंभर

वैष्णवीनं हॉलच्या फरशीवर चिकटपट्टीची रेघ मारली होती, वीस पावलांची. रेघेवरून चालायचं, टोकाला वळायचं, परत यायचं. आणि चालता चालता शंभरातून सात-सात वजा करत राहायचं. अयुब शेख, वय त्र्याहत्तर, दौंड यार्डातून निवृत्त, तिसऱ्या पावलावर "त्र्याण्णव" म्हणाले आणि उभे राहिले. डोकं पुढं निघालं तर पाय थांबत होते. पाय निघाले तर त्र्याण्णवही हरवत होतं.

"हे असं का व्हतं?" त्यांनी विचारलं. काळजीनं नाही. डब्याचं कपलिंग बसत नसलं की वाकून बघावं, तसं.

वैष्णवी फिजिओथेरपिस्ट. ती म्हणाली की चालायलाही डोकं लागतं, आपल्याला ते कळत नाही एवढंच. दोन्ही कामं एकदम करायची सवय लावून बघू. बारा आठवडे.

त्र्याण्णव

बारा आठवड्यांना सुफिया कशीबशी तयार झाली. ती त्यांची मुलगी, शिक्रापूरच्या एका कारखान्यात नोकरीला. महिन्यापूर्वी पुण्याहून येताना अब्बा दौंडला उतरलेच नाहीत. श्रीगोंद्याहून फोन आला. अब्बा म्हणाले, झोप लागली. शेजारी बसलेली बाई म्हणाली, जागे होते, नुसते बसून राहिले.

तेव्हापासून एकट्यानं बाहेर पडायला बंदी. बाराव्या आठवड्याच्या चाचणीत जमलं तर दौंडातच राहायचं, पहिल्यासारखं. नाही जमलं तर शिक्रापूरला तिच्याकडं, तिसरा मजला, खिडकीखाली दिवसभर ट्रक.

शहाऐंशी

सरावाला हौसराव. मूळचे केंदूरचे शेतकरी, मुलगा रेल्वेत म्हणून दौंडात आलेले. ते अयुबचाचांच्या बरोबरीनं चालत आणि अक्षर देत. क. भाज्या सांग.

कांदा, काकडी, कारलं, कोबी. मग दोघांचंही अडलं.

"कलेक्टर," हौसराव म्हणाले.

"ही कुठली भाजी?"

"आमच्याकडं उगवत न्हाई, म्हनून काय भाजी न्हाई व्हय?"

हसताना अयुबचाचांचे पाय थांबले नाहीत, हे दोघांच्याही नंतर लक्षात आलं. मग कशानं पाय अडतात न् कशानं सुटतात ते बघायचा त्यांना नादच लागला. भाज्यांना पाय हळू पडतात. सातच्या वजाबाकीला अडतात. हातात हिरवा रुमाल धरला, झेंडीसारखा, की जरा सुटतात. आणि स्टेशनांना? स्टेशनांना हौसराव मागं पडतात.

एकोणऐंशी

"हा आकडा बघ," अयुबचाचा एकदा मधेच म्हणाले. "आधी ऐंशीला जातो, मग एक पाऊल मागं. शंटिंगच हाय ही."

एकाहत्तर. न्हाई, बाहत्तर

बारावा आठवडा. सुफिया रजा टाकून आलेली, खुर्चीच्या कडेला बसलेली. वैष्णवीनं स्टेशनंच दिली, पुण्याहून दौंडपर्यंत.

हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस. 'दौंड' बरोबर रेघेच्या टोकाला आलं.

"आता उलटं म्हणा, चाचा."

ते वळले आणि न थबकता निघाले. "काष्टी. श्रीगोंदा रोड. बेलवंडी. विसापूर."

पावलं अगदी एका लयीत. वैष्णवीचं पेन थांबलं. सुफियानं मान खाली घातली.

पासष्ट

"उलटं म्हणाले मी," वैष्णवी हळूच म्हणाली. "दौंडनंतर पाटस यायला हवं."

"पाटस कशाला? पाटसवरून तर आली गाडी." त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "दौंडात गाडी उलटी केली की ती नगरला जाती. पुढचं इंजिन काढायचं, दुसऱ्या टोकाला लावायचं. चौतीस वर्षं म्या लावलं."

मग ते रेघेवरून बाजूला झाले. काहीतरी त्यांचं त्यांनाच सापडल्यासारखे. वैष्णवीकडं नाही, सुफियाकडं वळून बोलले.

"त्या दिवशी बी तेच झालं. गाडी गावात आलीच न्हाई. कॉर्ड लाईनच्या ठेसनावर थांबून बाहेरूनच नगरकडं गेली. दुसऱ्या टोकाला इंजिन लागलं की हिसका बसतो, तवा मी उठतो. हिसक्याची वाट बघत बसलो."

"मग झोप लागली असं का सांगितलंत?"

"कॉर्ड लाईन झाल्याली मला ठाऊक व्हती, पोरी. ऐन वक्ताला आठवली न्हाई. ते सांगाया लाज वाटली."

वैष्णवीनं कागदावर फुली मारायला नेलेलं पेन उचललं आणि तिथं प्रश्नचिन्ह काढलं. मग शंभरातून सात वजा करायला सांगितलं, पुन्हा एकदा. अयुबचाचा निघाले. एकोणऐंशीनंतर ते "एकाहत्तर" म्हणाले, पुढच्याच पावलावर म्हणाले, "न्हाई, बाहत्तर." पाय थांबले नव्हते.

अठ्ठावन्न

सुफिया अब्बांना घेऊन घरी निघाली. अब्बा पुढं, ती मागं. ती मनातल्या मनात करून बघत होती. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी.

मागून हॉर्न वाजला. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती.

तिनं वर बघितलं तर अब्बा गिरणीपाशी, बरोबर आपल्या गल्लीच्या तोंडाशी, वळून तिची वाट बघत होते.

"का थांबलीस?"

ती जवळ गेली. "पुण्याहून येताना कुठली गाडी धरायची, अब्बा?"

"गावात शिरणारी."

"आणि नाहीच शिरली तर?"

"कॉर्ड लाईनच्या ठेसनावर उतरायचं. हिसक्याची वाट न्हाई बघायची."

"चढायच्या आधीच विचारायचं, गावात शिरते का. रोज आठवेल?"

"रोजचं न्हाई सांगता येत," ते म्हणाले. "बघू की."

तिनं गल्लीकडं बघितलं, मग त्यांच्या पायांकडं. "राहा मग इथंच. शनिवारी मी येईन, आपण दोघं चालू." मग विचारलं, "एकोणऐंशीतून सात गेले किती?"

"उभ्यानं न्हाई सांगायचं," अब्बा म्हणाले, आणि चालू लागले. "बाहत्तर."